उसनी प्रतिमा, देशी भय : रामसे बंधूंचे भयपट

हिंदी चित्रपटाच्या इतिहासलेखनात रामसे बंधूंच्या अल्पखर्ची भयपटांची बोळवण बहुधा ‘अनुकरण’ या एका शब्दात केली जाते. हा आक्षेप निराधार नाही. ‘बंद दरवाजा’ (१९९०) मधील शवपेटीत निजणारा, वटवाघूळ होणारा नेवला उघडच ड्रॅक्युलाच्या कुळातील आहे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतील ही प्रतिमा हॅमर या ब्रिटिश कंपनीने १९५८ पासून रंगीत पडद्यावर लोकप्रिय केली होती. मोठे तारे न परवडणाऱ्या निर्मात्यांसाठी असा परिचित राक्षस हेच भांडवल होते.

तथापि, उसन्या राक्षसाला दिलेले काम येथले आहे. मूल होत नाही म्हणून ठाकुराची पत्नी नेवल्याला शरण जाते. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मध्ये राजघराण्यातील स्त्रियांना प्रसूतीतच मृत्यू येण्याचा शाप आहे. दोन्हीकडे भयाचे मूळ वंश चालविण्याच्या चिंतेत असून तिची किंमत स्त्रीच्या देहाला मोजावी लागते.

म्हणून प्रतिमा कोठून घेतली याबरोबरच ती कशासाठी वापरली, हेही तपासणे आवश्यक ठरते. अन्यथा त्या काळातील कौटुंबिक भयाचे एक महत्त्वाचे साधन अभ्यासकांच्या हातून निसटेल.