डॉ. भाऊ दाजी लाड यांचे वैद्यक

पेडणे महालातील मांद्रे गावी १८२२ साली (काही ठिकाणी १८२४ असेही वर्ष छापलेले आढळते) जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांची ओळख आपल्याकडे प्राच्यविद्यापंडित म्हणूनच अधिक आहे. कालिदासाच्या काळाची चर्चा, अजिंठ्याच्या लेखांचे वाचन, भगवानलाल इंद्रजींसारख्या तरुण लिपिज्ञाला दिलेला आश्रय यांवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्या वैद्यकीवर भाऊंचा चरितार्थ चालला, तिच्याविषयी दोनचार ओळींपलीकडे सहसा वाचावयास मिळत नाही. वाचनालयाच्या या शताब्दी ग्रंथात गोमंतकाच्या या सुपुत्राची ती बाजू पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

वडील मातीच्या बाहुल्या करून विकीत. मुंबईत मुलाचे बुद्धिबळातील कौशल्य पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याला इंग्रजी शिकविण्याचा सल्ला दिला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. एल्फिन्स्टन संस्थेत आधी विद्यार्थी व मग शिक्षक म्हणून काही वर्षे काढल्यावर, १८४५ साली उघडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात भाऊ दाखल झाले आणि १८५१ मध्ये पहिल्याच तुकडीत पदवीधर झाले. तेथील प्राचार्य डॉ. मोरहेड यांचा भर रुग्णालयातील प्रत्यक्ष निरीक्षणावर होता. हा संस्कार भाऊंवर कायमचा झाला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या साहाय्याने त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालविला.

नव्या विद्येत तयार झालेल्या त्या पिढीतील अनेकांना वैद्यांच्या पोथ्या म्हणजे अडगळ वाटे. भाऊंनी त्या जमविल्या, वाचल्या आणि त्यांत वर्णिलेल्या वनस्पती प्रत्यक्ष शोधून काढून त्यांचे गुण रोग्यांवर पडताळले. पोथीत आहे म्हणून खरे, असे त्यांनी मानले नाही; पोथीत आहे म्हणून खोटे, असेही मानले नाही. दोन वैद्यकांचा समन्वय हा शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. दोन्हींकडची औषधे एकाच पुडीत बांधणे म्हणजे समन्वय नव्हे, हे भाऊंच्या उद्योगाकडे पाहिले म्हणजे कळते.

त्यांचे विशेष लक्ष महारोगावर होते. या रोगावर तेव्हा खात्रीचा इलाज कोठेच नव्हता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे. पश्चिम समुद्राच्या काठच्या भूमीत तो वाढतो, पावसाळ्याच्या तोंडाशी त्याची फळे गोळा करावीत, बियांचे तेल काढावे आणि पथ्य सांभाळून ते कुष्ठरोग्यास द्यावे, असे तेथे सांगितले आहे. हा तुवरक म्हणजे कोकण-गोमंतकापासून मलबारापर्यंतच्या रानांत आढळणारे कडू कवठ होय, असे अभ्यासक मानतात. फळ कवठासारखे, टणक सालीचे; तेल उग्र, पोटात घेतल्यास मळमळ व वांती करणारे. याच झाडाच्या तेलाचे प्रयोग भाऊंनी १८६० नंतरच्या दशकात चालविले. पूर्वेकडील चौलमुग्रा हे याच जातीचे औषध डॉ. मोॲट यांनी कलकत्त्यात १८५४ मध्येच पाश्चात्त्य वैद्यांच्या नजरेस आणले होते, तेव्हा या वाटेवर भाऊ एकटे होते असे म्हणता येणार नाही. त्यांचे वैशिष्ट्य हे की, आपल्या किनाऱ्यावरचे झाड त्यांनी हाताळले.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. भाऊंनी आपले औषध गुप्त ठेवले. ते कडू कवठाचे तेल होते हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. प्रयोग पुरे होण्याआधी बोभाटा नको, असा त्यांचा हेतू असू शकेल. परंतु नाव न कळलेले औषध दुसऱ्या डॉक्टरने पडताळावे तरी कसे? जुन्या घराण्यांतील वैद्य कृती लपवीत, तीच रीत ग्रँट कॉलेजच्या या पदवीधराने पाळली, आणि त्यात नुकसान औषधाचेच झाले. त्यांच्यामागून आलेले डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईतील औषधी द्रव्यांची सूची १८७९ साली छापून सर्वांपुढे ठेवली. विद्वत्तेत ते भाऊंच्या तोडीचे नसतील, पण या बाबतीत त्यांचाच मार्ग मला योग्य वाटतो.

१८७३ मध्ये नॉर्वेत हान्सेन यांना महारोगाचा जंतू दिसला. त्याच वर्षी मुंबईचे डॉ. वँडाइक कार्टर त्या देशात जाऊन रोगाची पाहणी करीत होते. भाऊ मात्र पक्षाघाताने खिळले होते. मे १८७४ च्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

तेलाचा प्रवास पुढे चालू राहिला. पोटात न टिकणारे हे औषध सुईने टोचता यावे यासाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हवाई बेटांत ॲलिस बॉल यांनी आणि हिंदुस्थानात लिओनार्ड रॉजर्स यांनी खटपट केली. १९४१ पासून सल्फोन औषधे आली आणि कडू कवठ मागे पडले. त्या तेलाने रोग समूळ बरा होत असे, असे आज कोणी म्हणणार नाही. पण दुसरे काहीच नव्हते त्या काळात डॉक्टरांच्या हाती जे होते ते तेच.

भाऊंनी जमविलेल्या पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांच्या नावाने जपल्या आहेत. त्यांचे वाङ्मय व पुरातत्त्वविषयक निबंध रामचंद्र घोष यांनी १८८८ साली कलकत्त्याहून एकत्र प्रसिद्ध केले. वैद्यकीय टिपणांना असा संपादक लाभला नाही.