राणूबाईंची थोरली सून

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. बाराव्या वर्षी ‘सावधान’ शब्द कानी पडताच तो बोहल्यावरून पळाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, मग बारा वर्षं तीर्थाटन. तो परतला तेव्हा आईचे डोळे रडून रडून गेले होते आणि लेकाच्या हातानं तिला पुन्हा दिसू लागलं, असं परंपरा सांगते.

ही कथा ऐकताना मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. डोळे गेलेल्या आईचं मधल्या काळात केलं कुणी? उत्तर कथेतच आहे. दारात बैरागी उभा आहे, त्याला भिक्षा घाल, असं राणूबाई सुनेला सांगतात. म्हणजे सून घरात होती. थोरला मुलगा गंगाधरपंत, त्यांची ही पत्नी. चरित्रांत तिचं नाव पार्वतीबाई असं येतं. चमत्कार एका क्षणाचा. पण हात धरून परसात नेणं, ताट पुढ्यात ठेवून भाजी कुठे, भाकरी कुठे हे सांगणं, रात्री हाकेला उठणं, हे रोजचं. त्यावर कुणी कीर्तन करत नाही.

सेवेच्या आपल्या कथा मुलग्यांच्या. कावड श्रावणबाळाची, वीट पुंडलिकानं फेकलेली. वृद्धांसाठीच्या राज्य सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेलाही श्रावणबाळाचंच नाव. ‘म्हातारपणी मुलगा बघेल’ असं आपण म्हणतो आणि बघते सून.

कायद्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानं आईबापांच्या पोटगीची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. लग्न झालेल्या मुलीवरही ती येते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा कायदा झाला. त्यातल्या ‘अपत्य’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. २०१९च्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई आले, पण ते मंजूर झालं नाही. आणि झालं असतं तरी सुनेवर कर्तव्य आलं असतं, हक्क नव्हे. कायदा पैसे मोजतो. हात मोजत नाही.

हात मोजण्याचा प्रयत्न केंद्राच्या वेळ-वापर पाहणीनं केला. २०२४च्या पाहणीत घरच्यांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बाया दिवसाला सुमारे १४० मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ७४. यात मुलांचं करणंही आलं. शिवाय मुळात हे काम करणाऱ्या बाया शंभरात ४१, पुरुष २१च.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या आगेमागे जोडपी ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. सून फडावर गेली की मागे राहिलेल्या म्हाताऱ्याचं करते त्याची म्हातारी. आणि म्हातारी अंथरुणाला खिळली की? शेजारीण, नाहीतर शाळा बुडवून नात.