‘सेट’, ‘रन’ आणि शब्दांचे वाचक
१८७९ साली जेम्स मरे यांनी इंग्रजी वाचकांना आवाहन केले : वाचनात आढळलेले शब्दप्रयोग चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवा. अशा लक्षावधी चिठ्ठ्यांच्या आधारे ऑक्सफर्डचा महाकोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद ‘सेट’ची होती, अर्थ सुमारे ४३०. पुढे ‘रन’ने तिला मागे टाकले. २०११ पर्यंत या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. पूर्वी माणूस धावे, पाणी वाहे. मग आगगाडी, यंत्र, संस्था आणि संगणकाची आज्ञावलीही त्याच शब्दाने चालू लागली. आपल्या ‘लागणे’चा पसाराही असाच : भूक लागते, दिवा लागतो, लळा लागतो, निकाल लागतो. शब्दाचे अर्थ लोकव्यवहार वाढवतो. त्या वाढीची साक्ष मात्र टिपून ठेवणाऱ्या वाचकामुळेच उरते.