बर्फाच्या चित्रातलं जवस

यवतमाळात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि बर्फ दिसतो तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. तरीही खिडकीतून दिसणारं हिमदृश्य तैलरंगात उतरवायच्या कलेशी इथल्या काळ्या मातीचं जुनं नातं आहे. ते जुळलं जवसामुळे.

तैलरंग म्हणजे तेलात घोटलेली रंगाची पूड. मात्र तेल कुठलंही चालत नाही. शेंगदाण्याचं तेल काचेवर फासा, महिन्याने बोट लावा, चिकटच लागेल. जवसाचं तेल मात्र काही दिवसांत चिवट पापुद्रा धरतं. ते उडून जात नाही, हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं. सुरुवातीला तर त्याचं वजन चक्क वाढतं.

तेलात रंग घोटायच्या या युक्तीचं श्रेय सोळाव्या शतकातल्या इटालियन चरित्रकार व्हासारीने पंधराव्या शतकातल्या यान व्हान आयक या चित्रकाराला देऊन टाकलं आणि पुढे सगळे तेच गिरवत राहिले. २००८ साली अफगाणिस्तानातल्या बामियानच्या लेण्यांतल्या, सातव्या शतकाच्या सुमाराच्या बौद्ध भित्तिचित्रांत सुकणारी तेलं सापडली आणि ही कथा पार मागे गेली.

फ्लेमिश चित्रकार ब्रुगेलने १५६५मध्ये ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र रंगवलं, तेव्हा रंग चित्रशाळेतच घोटावे लागत. उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. १८४१मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि रंगपेटी उचलून कुठल्याही खिडकीशी बसता येऊ लागलं. उंचावरून दिसणारी पॅरिसची हिमाच्छादित छपरं फ्रेंच चित्रकार कायबोतने रंगवली, ते साल १८७८.

त्याच सुमारास इकडे काय चाललं होतं? १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होती. तेव्हा सरकारदप्तरी वणी जिल्हा म्हणून नोंदलेल्या यवतमाळचं जवळचं स्टेशन धामणगाव. वऱ्हाड-मध्य प्रांतातलं जवस मुंबई बंदरातून युरोपला जाई आणि तिथल्या बाजारात ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखलं जाई. घरांचे रंग, लिनोलियमच्या फरश्या, सगळ्यांनाच हे तेल हवं होतं. चित्रकार म्हणजे त्यातलं अगदी किरकोळ गिऱ्हाईक.

बर्फाशी मात्र या तेलाचं पुरतं पटत नाही. कालांतराने ते पिवळं पडतं. हिरव्या-तपकिरी रंगांत ते खपून जातं; पांढऱ्याशुभ्र उतारावर लगेच डोळ्यांत भरतं. म्हणून कित्येक कंपन्या पांढरा रंग खसखशीच्या नाहीतर करडईच्या तेलात घोटतात. करडईही आपल्याच रब्बीतली! तिचं तेल सावकाश वाळतं आणि पापुद्राही नाजूक धरतं. त्यामुळे खालच्या थरांना जाणकार अजूनही जवसच पसंत करतात.

कपाशी-सोयाबीनच्या रेट्यात विदर्भातलं जवस आक्रसलं. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून एनएल-९७सारखी वाणं आली, तरी गावात ते उरलं मुख्यतः चटणीपुरतं. शहरात ते आता ओमेगा-३च्या नावाने भाव खातं. तैलचित्र वाळतं ते मुख्यतः याच ओमेगा-३ आम्लामुळे, आणि कुटलेल्या जवसाची चटणी फार दिवस ठेवली की खवट होते, तीही त्याच्याचमुळे.