व्याप आणि आवर : तळेगावच्या काचभट्टीच्या निमित्ताने

‘तारांबळ’ हा शब्द मंगलाष्टकांतील ‘ताराबल’ या पदावरून आला, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. मुहूर्ताची घटका भरत आली की मांडवात जी धावपळ उडते ती तारांबळ. ती घटकाभराचीच असते. अक्षता पडल्या की संपते. आजच्या नोकरदार माणसाच्या मनाची दिवसभर जी अवस्था असते तिला हा शब्द पुरत नाही, कारण त्या दिवसात अक्षता पडण्याचा क्षण येतच नाही. तिच्यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे, ‘व्याप’. जे पसरत जाते आणि चहूबाजूंनी वेढते, तो व्याप. त्यावरच्या उपायासाठीही मराठीत एक नेमके क्रियापद आहे, ‘आवरणे’. काम आवरणे म्हणजे पुरे करणे, घर आवरणे म्हणजे नीट लावणे, हात आवरणे म्हणजे थांबणे. पुरे करणे आणि थांबणे हे दोन्ही अर्थ या एकाच क्रियापदाने पोटात घेतले आहेत, हे प्रस्तुत लेखाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कामाच्या दिवसाचे नियोजन शिकवणारी पुस्तके आता मराठीतही विपुल आहेत. पहाटे उठा, याद्या करा, एका वेळी एकच काम हाती घ्या, असा त्यांचा उपदेश असतो. तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्यामागचे गृहीत असे की, व्याप न आवरणे हा त्या माणसाच्या स्वभावातला दोष आहे. इतिहासाची साक्ष काहीशी निराळी आहे, आणि ती आम्ही ज्या परिसरात शिकवतो त्या तळेगाव दाभाड्यातच मिळते.

१९०८ साली तळेगावात पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. स्वदेशीचा तो काळ. देशी उद्योग उभारायचा तर भांडवल हवे, आणि ते देणारे धनिक फारसे पुढे येत नव्हते. अशा वेळी अंताजी दामोदर काळे यांनी मांडलेली कल्पना अगदी साधी होती : प्रत्येकाने एक पैसा द्यावा. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा, आणि हजार रुपयांसाठी चौसष्ट हजारांपुढे. हा हिशेब मांडूनच एखाद्याने हाय खाल्ली असती. काळ्यांनी तो उलटा वाचला. चौसष्ट हजार माणसांपैकी कोणालाही एका पैशाहून अधिक ओझे उचलावे लागणार नाही, हा त्याचा दुसरा अर्थ होता. लोकमान्य टिळकांनी या फंडाला पाठबळ दिले, परदेशी जाऊन काचविद्या शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्याला लाभले आणि भट्टी पेटली. अवाढव्य काम लहान वाट्यांत फोडले की ते माणसाच्या आवाक्यात येते, ही युक्ती एका गावाने प्रत्यक्षात आणून दाखवली.

हीच युक्ती वाङ्मयाच्या क्षेत्रात विष्णु गोविंद विजापूरकरांनी वापरली होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापन करीत असता त्यांनी १८९४ साली ‘ग्रंथमाला’ हे मासिक काढले. मोठा ग्रंथ एकदम छापण्याचे सामर्थ्य लेखकात नाही आणि तो एकदम विकत घेण्याचे वाचकात नाही. तेव्हा ग्रंथच दरमहा थोडा थोडा द्यावा, ही त्यामागची दृष्टी. राजवाड्यांचा ‘कादंबरी’ हा निबंध आपण वर्गात शिकवतो, तोही ग्रंथमालेतच प्रसिद्ध झाला. पुढे विजापूरकरांनी राष्ट्रीय शिक्षणासाठी समर्थ विद्यालय काढले आणि ते तळेगावात आणले. अध्यापक, संपादक आणि संस्थाचालक अशा तिन्ही नात्यांनी त्यांच्यावर पडलेला व्याप आजच्या कोणाही प्राध्यापकाला घाबरवील असा आहे. ‘विश्ववृत्त’ मासिकात त्यांनी छापलेल्या सातवळेकरांच्या एका लेखावरून त्यांना तुरुंगात जावे लागले, आणि १९१० साली सरकारने विद्यालयही बंद पाडले. सुटकेनंतर त्यांनी ते काम तळेगावातच पुन्हा हाती घेतले. हे बळ एकट्याचे नव्हते. लेखक, वर्गणीदार, सहशिक्षक यांच्यात वाटलेले काम एक माणूस तुरुंगात गेला तरी सर्वस्वी विझत नाही.

याच वाटेने पुढे डॉ. केतकरांचा ज्ञानकोश गेला. त्यांनी त्यासाठी मंडळी काढली, तिचे भाग विकले, संपादकवर्ग बसवला आणि तेवीस खंडांचा संसार उभा केला. त्या खटाटोपाची हकीकत सांगणाऱ्या त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘माझे बारा वर्षांचे काम’ असे आहे. त्यातला ‘बारा वर्षांचे’ हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. कामाला वर्षे लागतात हे ज्याने मान्य केले, त्याला एका दिवसात सारे उरकले नाही म्हणून स्वतःला अपराधी मानण्याचे कारण उरत नाही.

येथवर वाटणीचे गुण गायिले. पण वाटणीला दुसरीही एक बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पैसाफंडात वाटा देणारा आपखुशीने देत होता. कापडाच्या गिरणीत काम वाटले जाई ते मालकाच्या सोयीने. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने १९११ साली आपले शास्त्रीय व्यवस्थापनाचे पुस्तक प्रसिद्ध केले. कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला घड्याळ लावावे, हे त्याचे सूत्र होते. दोनच वर्षांनी फोर्डच्या कारखान्यात सरकता पट्टा आला. आता तुकडा लहान झाला खरा, पण एक संपताच दुसरा समोर हजर होऊ लागला. काम वाटले गेले. व्याप मात्र आवरला नाही. त्यासाठी आवरण्याचा दुसरा अर्थ, म्हणजे थांबणे, अमलात यावा लागतो.

तो अर्थ मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिला. सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या. त्यानंतर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर झाला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी थक्क व्हायला होते : आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला सुरू झालेले काम सूर्यास्ताला बंद, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण ज्या रविवारी निवांत पुस्तक उघडतो, त्याच्यामागे ही सहा वर्षे आहेत.

येथे कोणी मंडालेचा दाखला देईल. पैसाफंडाची भट्टी पेटली त्याच १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि तुरुंगात २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पाच महिन्यांत त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्याचा खर्डा पुरा केला. एकाग्रतेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग वरचेवर सांगितला जातो. आम्ही मात्र विद्यार्थ्यांस तो जपून सांगतो. त्या पाच महिन्यांमागे कित्येक वर्षांचे चिंतन होते. शिवाय तुरुंगाने जी शांतता दिली ती इतर सर्व हिरावून घेऊन दिली. माणसाला सलग विचार करण्यासाठी तुरुंगात जावे लागू नये, हीच तर मोकळ्या समाजाची कसोटी. तो वेळ त्याला घरी आणि कामावर मिळाला पाहिजे.

आता पुन्हा तळेगावाकडे वळू. काच कारखान्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००८ साली, येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये त्यातले उत्पादन थांबले, आणि २०२३ साली तो घेण्याचा करार ह्युंदाईने केला. तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात दिवसाची मोजणी पाळीने होते : पहिली, दुसरी, तिसरी. आमच्या वर्गातली काही मुले रात्रपाळी करून पहिल्या तासाला येतात आणि ज्ञानेश्वरीच्या ओवीवर डोळे मिटतात. त्यांना वेळेचे नियोजन शिकवायला आमची जीभ रेटत नाही. त्यांच्याजवळ नियोजन करण्याइतका वेळ कोणी शिल्लक ठेवला आहे काय, हा आधीचा प्रश्न आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा बारा तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच ठेवले, असे त्याचे समर्थन केले गेले. पण थकवा आठवड्याच्या बेरजेने येत नाही. तो त्या त्या दिवशीच येतो, हे लोखंड्यांच्या अर्जातला सूर्यास्त मागणाऱ्या कामगारांना कळत होते.

काचेच्या धंद्यातली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. फुंकनळीवर घडवलेली वस्तू तशीच उघड्यावर ठेवली तर बाहेरून लवकर आणि आतून उशिरा निवते. तिच्या अंगात ताण राहतो आणि पुढे कधीतरी ती आपोआप तडकते. म्हणून तिला वेगळ्या भट्टीत हळूहळू निवू द्यावे लागते. कारागीर या वेळाला वाया गेलेला वेळ म्हणत नाही. वस्तू घडवण्याचाच तो एक टप्पा असतो.

कामाचा डोंगर पाहून खचलेल्या विद्यार्थ्याला काय सांगावे, असे सहकारी पुष्कळदा विचारतात. प्रबंधाचे रोज एक पान लिही, हे सांगावेच. तो पैसाफंडाचा धडा आहे. सोबत्यांना वाटा दे आणि घे, हे विजापूरकरांचे काम सांगते. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. त्याच्या दिवसाला शेवट असावा म्हणून त्याच्या बाजूने बोलण्याची जबाबदारी आपल्यावर, त्याला शिकवणाऱ्यांवर, येते. ती झटकून केवळ शिस्तीचा उपदेश करणे म्हणजे आवरण्याचा अर्धाच अर्थ शिकवणे होय.