चिमणराव ते आबा: दिलीप प्रभावळकर

१९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. चॅनल एकच, स्किप करायची सोय नाही. दशक संपता संपता चिं. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आला आणि दिलीप प्रभावळकर घराघरांत पोचले. पण इथेच गोची असते. लोक नटाला भूमिकेच्या नावानेच ओळखायला लागतात, मग कामंही तशीच येतात. प्रभावळकरांनी काय केलं? ‘हसवाफसवी’ हे नाटक स्वतः लिहिलं, त्यात सहा भूमिका केल्या. १९९३ला ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू, २००६ला ‘लगे रहो मुन्नाभाई’त थेट गांधीजी! टीव्हीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा झाले, तीही मालिका त्यांच्याच ‘अनुदिनी’वरून. चिमणरावाशेजारी त्यांनी इतकी माणसं उभी केली, की एकच शिक्का बसायला जागाच उरली नाही. तुम्हाला आधी कोण आठवतं?