'द डेव्हिल्स विंड': नानासाहेबांच्या तोंडून १८५७

मनोहर माळगावकर (१९१३–२०१०) यांची 'द डेव्हिल्स विंड' ही इंग्रजी ऐतिहासिक कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. १८५७ च्या उठावातील कानपूरचे पर्व आणि दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र नानासाहेब हा तिचा विषय. कथन प्रथमपुरुषी असून निवेदक स्वतः नानासाहेबच आहेत.

माळगावकर मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी होते. पुढे त्यांनी शिकार, खाणी, शेती असे बरेच काही केले आणि सीमाभागातील जगलबेटच्या जंगलात घर बांधून लेखन केले. कान्होजी आंग्रे (१९५९) आणि कोल्हापूरचे छत्रपती (१९७१) यांच्यावर त्यांनी इतिहासग्रंथ लिहिले होते. कादंबरीतही अभ्यासकाची ती शिस्त दिसते.

कथेचे मूळ बिठूरला आहे. १८१८ मध्ये राज्य गमावलेल्या बाजीरावांना कंपनीने वर्षाला आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन दिले. १८५१ मध्ये ते निवर्तले आणि डलहौसीच्या सरकारने ते वेतन वारसाला नाकारले. दाद मागण्यासाठी अजीमुल्ला खान लंडनला गेले ते रिकाम्या हाताने परतले. इंग्रजांना मेजवान्या देणारा, त्यांच्याकडून गोड बोलणी ऐकणारा आणि आतून अपमानाने पोळलेला हा संस्थानिक माळगावकरांनी फार जिवंत उभा केला आहे. बिठूरचा भाग मला कादंबरीत सर्वांत सरस वाटतो.

खरा पेच मात्र कानपूरचा आहे. जून १८५७ मध्ये जनरल व्हीलर यांच्या तळाला सुमारे तीन आठवडे वेढा पडला. सुरक्षित वाटेचे वचन मिळाल्यावर इंग्रजांनी शरणागती पत्करली आणि २७ जूनला सतीचौरा घाटावर नावांत बसताना त्यांच्यावर गोळीबार झाला. मोब्रे थॉमसनसह चारच पुरुष नावेतून निसटून शेवटपर्यंत वाचले. १५ जुलैला बीबीघरात कोंडलेल्या सुमारे दोनशे स्त्रिया व मुलांची कत्तल झाली आणि प्रेते विहिरीत टाकली गेली. त्याआधीच नीलच्या फौजेने अलाहाबाद परिसरात सर्रास फाशी देत गावे जाळली होती. इंग्रजी कथनांत हा क्रम सहसा पुसट होतो, येथे तो ठळक आहे. हत्याकांडाचे हुकूम आपले नव्हते, असे कादंबरीतील नानासाहेब सांगतात. हुकूम नक्की कोणाचा, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. पण येथे आरोपीच साक्षीदार आहे, हे वाचकाने नजरेआड करू नये. आपल्या नावाने चाललेल्या सत्तेची जबाबदारी आपल्यावर कितपत येते, हा प्रश्न निवेदकाला सुटत नाही. लेखकाने तो सोडवून दिलेलाही नाही. व्हीलर यांची मुलगी एलायझा हिच्यासोबतचे प्रेमप्रकरण मात्र कल्पित असून ते कथेला हलके करते.

डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' शाळेत वाचलेल्यांना एक योगायोग ठाऊक असावा. ती १८५९ ची, म्हणजे नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले त्याच वर्षाची. फ्रेंच क्रांतीतील जमावामागचा अन्याय दाखवणारा हाच लेखक कानपूरच्या बातम्यांनंतर हिंदुस्थानी लोकांविषयी खाजगी पत्रात अत्यंत सूडबुद्धीने लिहीत होता.

सोबत वाचण्याजोगे मराठी पुस्तक म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. झाशीच्या वेढ्यात ते स्वतः होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी ते फेरफारांसह प्रसिद्ध केले; मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची. शक्य असल्यास तीच घ्यावी. दुबई-शारजात वाढलेल्या आणि देवनागरी सराईतपणे न वाचणाऱ्या मुलांसाठी गोडसे यांचे इंग्रजी अनुवादही आहेत. त्यांपैकी प्रिया आडारकर व शांता गोखले यांचा २०१४ चा अनुवाद सहज वाचता येतो.

बीबीघराच्या जागी आज कानपूरचे नानाराव उद्यान आहे. विहिरीवरचा संगमरवरी देवदूत स्वातंत्र्यानंतर तेथून हलवून ऑल सोल्स चर्चच्या आवारात नेण्यात आला.